कॅनडातील प्रादेशिक आप्रवासन योजना : मनुष्यबळाची गरज आणि नवागतांचे स्थिरावणे

प्रास्ताविक

आधीच्या घटकात आपण देशांतर्गत स्थलांतराचा विचार केला. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडणीसाठी निघणारी कुटुंबे आपल्या परिचयाची आहेत. असे कुटुंब साखर कारखान्याच्या परिसरात पाच-सहा महिने राहते, तेथील ऊस तोडते, तेथील पाणी पिते; पण ते तेथले होत नाही. गाळप संपले की माघारी येते. अशा राहण्यासाठी मराठीत 'बिऱ्हाड' हा फार नेमका शब्द आहे. बिऱ्हाड पाठीवर घेता येते, घर घेता येत नाही.

प्रस्तुत घटकाचा विषय याच्या नेमका उलट आहे. एखाद्या प्रदेशाला केवळ कामाचे हात नको असतात, तर माणसेच हवी असतात. ती यावीत, राहावीत, त्यांची मुले तेथील शाळेत जावीत आणि दहा वर्षांनंतरही ती तेथेच असावीत, अशी त्या प्रदेशाची इच्छा असते. ही इच्छा शासकीय धोरणात कशी उतरवायची? कॅनडा या देशाने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या प्रश्नावर जेवढे प्रयोग केले, तेवढे क्वचितच दुसऱ्या देशाने केले असतील. म्हणून उदाहरणासाठी आपण कॅनडाच निवडला आहे.

अधिकार कोणाचा?

परदेशी व्यक्तीला देशात प्रवेश द्यावा की नाही, हा प्रश्न भारतात पूर्णपणे केंद्र शासनाच्या अखत्यारीत येतो. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत नागरिकत्व, परकीय व्यक्ती, पारपत्र आणि प्रवेशपरवाना हे विषय संघसूचीत आहेत. महाराष्ट्र शासनाने उद्या ठरवले की गडचिरोलीत परदेशी डॉक्टर आणून वसवायचे, तर तसे करण्याचा अधिकार त्याला नाही.

कॅनडाची स्थिती वेगळी आहे. १८६७ च्या घटना-अधिनियमाचे ९५ वे कलम शेती आणि आप्रवासन हे दोन विषय एकत्र घेते आणि दोहोंबाबत कायदे करण्याचा अधिकार संघशासन व प्रांत या दोघांनाही देते. विरोध उद्भवल्यास संघाचा कायदा वरचढ ठरतो. शेती आणि आप्रवासन यांची ही जोडी आज चमत्कारिक वाटते. त्या काळी मात्र ती स्वाभाविक होती, कारण येणारा माणूस शेतकरीच असेल, असे गृहीत होते. १८७२ च्या जमीनविषयक कायद्याने पश्चिमेकडील गवताळ प्रदेशात १० डॉलर शुल्क भरणाऱ्याला १६० एकर जमीन मिळे. अट अशी की त्याने तेथे राहावे, घर बांधावे आणि जमीन लागवडीखाली आणावी. तीन वर्षांनी मालकी त्याच्या नावावर होई. १८९६ ते १९०५ या काळात अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री असलेल्या क्लिफर्ड सिफ्टन यांनी युक्रेन आणि पूर्व युरोपातील शेतकऱ्यांना मोठ्या संख्येने या प्रदेशात आणले.

येथे दोन गोष्टी विसरता कामा नयेत. एक म्हणजे ही जमीन रिकामी नव्हती. ती मूलनिवासी समाजांची होती. दुसरी म्हणजे हे आमंत्रण सर्वांसाठी नव्हते. भारतीयांना रोखण्यासाठी १९०८ मध्ये 'अखंड प्रवासा'चा नियम केला गेला आणि १९१४ मध्ये कोमागाटा मारू हे जहाज व्हँकुव्हरच्या बंदरातून परत पाठवले गेले. वंशाऐवजी शिक्षण, भाषा, वय आणि अनुभव यांना गुण देणारी पद्धत येण्यास १९६७ साल उजाडावे लागले.

गुणपद्धतीने वंशभेदाचा अडसर दूर केला, पण तिच्यातून एक नवाच असमतोल निर्माण झाला. शिकलेली, कुशल माणसे देशात येत आणि थेट मोठ्या शहरांत जात. १९९० च्या दशकात आलेल्या नवागतांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक टोरांटो, माँट्रियल आणि व्हँकुव्हर या तीनच महानगरांत राहत होते. फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताने हा धोका आधीच ओळखून १९९१ च्या कराराने स्वतःच्या आर्थिक प्रवर्गातील आप्रवाशांची निवड स्वतःकडे घेतली होती. बाकी प्रांतांपाशी तसे काही नव्हते.

मॅनिटोबाची सुरुवात

मॅनिटोबा हा मध्य कॅनडातील प्रांत. हिवाळ्यात तापमान उणे ३० अंशांपर्यंत उतरते. विनिपेग ही राजधानी सोडली तर मोठे शहर नाही. तरुण माणसे पश्चिमेकडे अल्बर्टा किंवा पूर्वेकडे ओंटारिओ प्रांतात निघून जात. विनिपेगच्या कपड्यांच्या कारखान्यांना शिवणयंत्रावर काम करणारे कारागीर मिळेनात आणि गुणपद्धतीत तर अशा कारागिराला स्थानच नव्हते, कारण त्याच्यापाशी पदवी नसे. प्रांताने संघशासनाशी बोलणी करून १९९६ मध्ये करार केला, आणि १९९८ मध्ये 'प्रांतिक नामनिर्देशन योजना' प्रत्यक्षात आली.

या योजनेचे तत्त्व साधे आहे. निवड प्रांत करतो, प्रवेश संघ देतो. आपल्याला कोणती माणसे हवीत हे प्रांत ठरवतो आणि निवडलेल्या व्यक्तीला नामनिर्देशनाचे पत्र देतो. त्यानंतर संघशासन तिचे आरोग्य, गुन्हेगारीची पार्श्वभूमी आणि सुरक्षाविषयक बाबी तपासून कायम निवासाचा दर्जा देते. एका वर्षात किती नामनिर्देशने करता येतील, याची मर्यादाही संघच घालून देतो. पुढे २०१५ मध्ये 'एक्स्प्रेस एन्ट्री' ही संगणकीकृत क्रमवारीची पद्धत आली, तेव्हा प्रांताने नामनिर्देशित केलेल्या उमेदवाराला ६०० अधिक गुण देण्याची तरतूद झाली. याचा व्यवहारातील अर्थ असा की अशा उमेदवाराची निवड जवळजवळ निश्चित होते.

मॅनिटोबाने या अधिकाराचा उपयोग ज्या पद्धतीने केला, ती समजून घेण्याजोगी आहे. केवळ नोकरी हाताशी आहे का, एवढेच त्याने विचारले नाही. येथे तुमचे कोणी आहे का, हेही विचारले. भाऊ, मावशी, जवळचा मित्र, पूर्वी येथे केलेले काम किंवा घेतलेले शिक्षण, या साऱ्यांना महत्त्व दिले. विनिपेगमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून फिलिपिन्समधून आलेल्या शिवणकामगार स्त्रियांचा आणि परिचारिकांचा समाज होता. त्याच्या आधाराने नवी कुटुंबे आली. दक्षिणेकडील विंकलर या छोट्या गावी मेनोनाइट पंथाची जुनी वस्ती होती. जर्मनी आणि पॅराग्वे येथील त्याच पंथाची, तीच जर्मन बोली बोलणारी कुटुंबे तेथे वसली. मॅनिटोबात वर्षाला येणाऱ्या आप्रवाशांची संख्या १९९० च्या दशकाच्या अखेरीस तीन-चार हजारांच्या घरात होती. २०१० साली ती १५ हजारांच्या पुढे गेली. इतर प्रांतांनीही हा मार्ग धरला. २०१९ पर्यंत कॅनडात आर्थिक प्रवर्गातून येणाऱ्या प्रमुख अर्जदारांपैकी सुमारे एक-तृतीयांश प्रांतांच्या नामनिर्देशनातून येऊ लागले होते.

एका गावाचे उदाहरण

आकड्यांवरून धोरण कळते, पण स्थिरावणे म्हणजे काय ते गावात गेल्यावर कळते. मॅनिटोबातील नीपावा हे असेच एक गाव. साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्याची ओळख वेगळ्या कारणाने असू शकेल: कादंबरीकार मार्गारेट लॉरेन्स १९२६ मध्ये येथे जन्मल्या आणि 'द स्टोन एंजल'सारख्या कादंबऱ्यांतील 'मनावाका' हे त्यांचे काल्पनिक गाव नीपावावरूनच रचलेले आहे. त्या कादंबऱ्यांतला समाज स्कॉटिश वंशाच्या, कडक शिस्तीच्या, परक्याकडे संशयाने पाहणाऱ्या कुटुंबांचा आहे.

२०११ च्या जनगणनेत नीपावाची लोकसंख्या ३,६२९ होती. ती २०१६ मध्ये ४,६०९ आणि २०२१ मध्ये ५,६८५ झाली. ग्रामीण कॅनडात, जेथे गावे ओस पडत असल्याचीच वार्ता असते, तेथे ही वाढ असाधारण म्हणावी लागेल. तिचे कारण गावातला डुकराच्या मांसावर प्रक्रिया करणारा मोठा कारखाना. काम थंड्या, ओल्या जागेत दिवसभर उभे राहून सुरी चालवण्याचे. स्थानिक तरुण ते पत्करीत नाहीत. कारखान्याने फिलिपिन्समधून कामगार आणले. ते प्रथम तात्पुरत्या परवान्यावर आले. सहा महिने काम झाल्यावर आणि कारखान्याने कायम नोकरी देऊ केल्यावर त्यांना प्रांताच्या नामनिर्देशनासाठी अर्ज करता येई. नामनिर्देशनानंतर कायम निवास आणि मग पत्नी, पती, मुले.

या क्रमाकडे आपण नीट लक्ष द्यावे. कामगार एकटा होता तोवर गावाच्या दृष्टीने तो कारखान्याचा माणूस होता. कुटुंब आले तेव्हा तो गावकरी झाला. शाळेचा पट वाढला, चर्चमधील बाके भरू लागली, दुकानदाराने फिलिपिनी जिन्नस मांडले. आणि तक्रारीही सुरू झाल्या! भाड्याची घरे मिळेनात. दवाखान्याला आणि शाळेला एवढ्या माणसांची सवय नव्हती. लोकसंख्या वाढवणाऱ्या योजनेत घरांचा विचार नसेल, तर नवागत आणि जुने रहिवासी एकाच खोलीसाठी एकमेकांसमोर उभे राहतात. माझ्या मते नवागतांविषयीचा राग पुष्कळदा त्यांच्या भाषेबद्दल किंवा रंगाबद्दल सुरू होत नाही. तो भाड्यापासून सुरू होतो आणि मग भाषेकडे वळतो.

अटलांटिक किनाऱ्याचा धडा

पूर्वेकडील चार अटलांटिक प्रांत म्हणजे न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड बेट, आणि न्यूफाउंडलंड व लॅब्राडॉर. त्यांची अडचण मॅनिटोबाहूनही गंभीर होती. न्यूफाउंडलंडमध्ये १९९२ साली कॉड माशाच्या मासेमारीवर बंदी आली आणि शतकानुशतके चालत आलेला व्यवसाय एका वर्षात थांबला. हजारो लोक प्रांत सोडून गेले. किनाऱ्यावरील गावांत वृद्धच उरले. या चारपैकी तीन प्रांतांत मृत्यूंची संख्या जन्मांहून अधिक झाली.

नामनिर्देशन योजना या प्रांतांतही होती, परंतु तेथे आलेला माणूस टिकत नसे. प्रिन्स एडवर्ड बेटाने तर उद्योजकांसाठी अशी तरतूद केली होती की त्यांनी प्रांताकडे मोठी अनामत ठेवावी आणि व्यवसाय सुरू करून अटी पूर्ण केल्यावर ती परत घ्यावी. अनेकांनी अनामतीवर पाणी सोडले आणि ते टोरांटो किंवा व्हँकुव्हरला निघून गेले. प्रांताच्या तिजोरीत पैसा जमा झाला, माणूस मात्र मिळाला नाही. २०१८ मध्ये हा प्रकार बंद करण्यात आला. हे अपयश मला महत्त्वाचे वाटते, कारण पैशाने माणूस बांधून ठेवता येत नाही हे त्याने फार स्वच्छपणे दाखवले.

२०१७ मध्ये या चार प्रांतांसाठी एक प्रायोगिक योजना सुरू झाली आणि २०२२ पासून ती कायम करण्यात आली. तिच्यात जबाबदारीची विभागणी बदललेली दिसते. कामगार घेऊ इच्छिणाऱ्या उद्योगाला प्रथम प्रांताकडून मान्यता घ्यावी लागते. देऊ केलेली नोकरी पूर्णवेळ आणि बिगरहंगामी असावी लागते. आणि अर्ज करण्यापूर्वी उमेदवार व त्याच्यासोबत येणारे कुटुंबीय यांच्यासाठी 'स्थिरावण्याचा आराखडा' तयार करावा लागतो. स्थानिक सेवासंस्था त्यांच्याशी बोलून भाषावर्ग कोठे आहे, मुलांची शाळा कोणती, वैद्यकीय सेवा कशी मिळेल, पदवीचे मूल्यमापन कोण करील, हे सारे त्यात नोंदवते. कागद साधाच आहे. पण त्यामुळे स्थिरावणे ही नंतर सुचलेली गोष्ट न राहता प्रवेशाच्या प्रक्रियेचाच भाग बनली.

पुढचे पाऊल गावांचे होते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण व उत्तरेकडील प्रायोगिक योजनेत ११ समुदाय निवडले गेले: ओंटारिओतील थंडर बे, सडबरी, टिमिन्स यांसारखी खाणी-जंगलांच्या प्रदेशातील शहरे, सॅस्कॅचेवानमधील मूस जॉ, अल्बर्टातील क्लेअरशोम हे जेमतेम चार हजार वस्तीचे गाव. येथे शिफारस करण्याचा अधिकार स्थानिक आर्थिक विकाससंस्थेला देण्यात आला. ही योजना २०२४ मध्ये संपली आणि २०२५ च्या आरंभी १४ समुदायांसाठी तिच्याच धर्तीवर नवी योजना आली.

एकूण परिणाम काय झाला? २०२१ च्या जनगणनेत नव्याने आलेल्यांपैकी तीन महानगरांत राहणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे ५३ टक्के, एवढे उतरले होते. अटलांटिक प्रांतांचा वाटा २००६ मधील १.२ टक्क्यांवरून ३.५ टक्क्यांवर गेला होता.

राहणे सक्तीचे नाही

आता या विषयातील गाभ्याच्या अडचणीकडे येऊ. १८७२ च्या कायद्यात जमिनीच्या मालकीसाठी त्याच जागी राहणे सक्तीचे होते. आज तशी सक्ती करता येत नाही. १९८२ च्या हक्क व स्वातंत्र्यांच्या सनदेतील सहावे कलम नागरिकांना आणि कायम निवाशांना कोणत्याही प्रांतात जाऊन राहण्याचा व उपजीविका करण्याचा हक्क देते. अर्ज करताना 'मी येथेच राहू इच्छितो' असे उमेदवार प्रामाणिकपणे सांगतो. दोन वर्षांनी त्याचा विचार बदलला तर त्याला कोणी अडवू शकत नाही. अर्ज करतानाच खोटे बोलला असेल तर ती फसवणूक ठरते, पण मन बदलणे हा गुन्हा नव्हे.

मग माणूस राहतो कशामुळे? प्रांताप्रांतांतील फरक बोलका आहे. ओंटारिओ, अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया येथे नामनिर्देशित व्यक्ती मोठ्या प्रमाणात टिकतात. प्रिन्स एडवर्ड बेटावर सर्वांत कमी. नोकरीची संधी हे पहिले कारण, हे उघड आहे. परंतु ती एकाचीच असून चालत नाही. पतीला कारखान्यात काम आणि पदवीधर पत्नी घरात बसलेली, असे कुटुंब शहराची वाट धरते. दुसरे कारण अर्हतेच्या मान्यतेचे. परिचारिका, शिक्षक, अभियंता यांना परवाना देणाऱ्या संस्था प्रांतिक असतात आणि त्यांचे नियम प्रवेशाच्या नियमांशी जुळतातच असे नाही. देशात येण्यासाठी ज्या शिक्षणाचे गुण मिळाले, त्याच शिक्षणावर काम करता येत नाही, हा अनुभव अनेक आप्रवाशांनी घेतला आहे. तिसरे कारण भाषा. १९९२ पासून नवागत प्रौढांसाठी शासनाच्या खर्चाने भाषावर्ग चालवले जातात. पाळ्यांत काम करणाऱ्याला आणि लहान मूल असलेल्या आईला ते गाठता येतात की नाही, यावर त्यांचा उपयोग ठरतो. आपणही नोकरी आणि घर सांभाळून अभ्यास करीत आहात. ही अडचण आपल्याला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

टंचाई आणि शोषण

या योजनांच्या समर्थनार्थ 'मनुष्यबळाची टंचाई' हा शब्द वारंवार येतो. त्याकडे थोडे चिकित्सक दृष्टीने पाहावे. ताशी अमुक वेतनावर माणूस मिळत नाही, याचा अर्थ माणूसच नाही असा होत नाही. वेतन वाढवले, पाळ्या सुसह्य केल्या तर स्थानिक माणूस मिळू शकेल. दुसऱ्या बाजूने, नव्वद वर्षांच्या वृद्धांची सेवा करायला ज्या गावात तरुणच उरलेले नाहीत, तेथे वेतन दुप्पट केले तरी शेजारच्या गावातला एक माणूस इकडे येईल एवढेच. दोन्ही प्रकारच्या टंचाई खऱ्या आयुष्यात मिसळलेल्या असतात आणि उद्योजक त्यांतील फरक सांगण्यास उत्सुक नसतो.

याहून गंभीर प्रश्न अवलंबित्वाचा आहे. कायम निवास मिळेपर्यंतच्या काळात कामगाराचे भवितव्य एका मालकाच्या पत्रावर टांगलेले असते. जादा कामाचे पैसे मिळाले नाहीत, राहण्याची खोली कोंदट असली, तरी तो बोलत नाही. मधले दलाल नोकरीच्या पत्रासाठी लाखो रुपये मागतात. मॅनिटोबाने याविरुद्ध २००९ पासून कायदा लागू केला: परदेशी कामगाराकडून भरतीसाठी कोणतेही शुल्क घेता येत नाही आणि भरतीचा खर्च मालकाला त्याच्या वेतनातून वसूल करता येत नाही. आपल्यापैकी कोणी, किंवा आपल्या घरातील कोणी, परदेशी जाण्याच्या विचारात असेल तर एवढे लक्षात असू द्यावे की नामनिर्देशन प्रांत करतो. ते कोणत्याही कार्यालयात विकत मिळत नाही. मोबदला घेऊन सल्ला देण्याचा अधिकार कॅनडात वकिलांना आणि नोंदणीकृत सल्लागारांना आहे, आणि त्यांची नावे संबंधित नियामक संस्थेच्या यादीत पाहता येतात.

धोरण स्थिर नसते, हेही ध्यानात घ्यावे. २०२४ मध्ये प्रांतिक नामनिर्देशनासाठी संघशासनाचे उद्दिष्ट १ लाख १० हजारांचे होते. घरांची टंचाई आणि लोकमताचा दबाव यांमुळे २०२५ साठी ते ५५ हजारांवर आणण्यात आले. प्रांतांनी विरोध केला. पण खरा फटका बसला तो आधीच येऊन पोहोचलेल्या, तात्पुरत्या परवान्यावर काम करीत नामनिर्देशनाची वाट पाहणाऱ्यांना. गावाला ते हवे होते, मालकालाही हवे होते. संख्या मात्र संपली होती.

आपल्या बाजूने पाहता

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध येतो तो माणसे पाठवणारे राज्य म्हणून. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याविषयी करार केला. प्रारंभी १० हजार तरुणांना पाठवण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले आणि त्यासाठी जर्मन भाषेच्या प्रशिक्षणाची व्यवस्था करण्याचे ठरले. येथे दोन देशांऐवजी दोन देशांतील राज्ये एकमेकांशी बोलत आहेत, हे वेगळेपण नोंदवण्यासारखे आहे. मात्र प्रवेशपरवाना देण्याचा अधिकार जर्मन संघराज्याकडेच आहे. भाषा, अर्हतेची मान्यता, घर आणि कुटुंब हे कॅनडाच्या अनुभवातले चारही प्रश्न येथे जसेच्या तसे उभे राहतात. त्यांपैकी कराराच्या चर्चेत भाषेचा उल्लेख सर्वाधिक होतो, कुटुंबाचा सर्वांत कमी.

स्वाध्याय

१. आपल्या गावातून किंवा वस्तीतून परगावी वा परदेशी गेलेल्या एका कुटुंबाशी बोला. ते तेथे 'बिऱ्हाड' करून आहे की 'घर' करून, हे आपण कोणत्या खुणांवरून ठरवाल? सुमारे ३०० शब्दांत लिहा.

२. आपल्या तालुक्यात बाहेरून आलेले बांधकाम-कामगार, वीटभट्टीवरील कामगार किंवा परिचारिका असतील. त्यांच्यासाठी अटलांटिक प्रांतांच्या धर्तीवर 'स्थिरावण्याचा आराखडा' करायचा झाल्यास त्यात कोणत्या बाबी असाव्यात आणि प्रत्येकीची जबाबदारी कोणावर टाकावी, याची कारणांसह मांडणी करा.